मु. पो. लोकलहोस्ट

महाडात घराचा पत्ता सांगताना घर नंबर कुणी सांगत नाही. चवदार तळ्याच्या अलीकडे की पलीकडे, विरेश्वराच्या देवळाकडून आलात तर कुठल्या हाताला, आणि एवढ्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटली नाही तर शेवटचा हमखास उपाय: “पुराचं पाणी चढायला लागलं की सगळ्यांत आधी जी गल्ली सामान वर न्यायला लागते ना, ती आमची.” यानंतर कुणी चुकत नाही.

पोलादपूरची लेक आणि महाडची सून या नात्याने मी आयुष्यभर असेच पत्ते दिले-घेतले. त्यामुळे १२७.०.०.१ हा पत्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याचा कोरडेपणा खटकला, आणि तो नेमका कुठला हे कळल्यावर मी त्याच्या प्रेमातच पडले. हा पत्ता जो कुणी टाइप करील त्याचा स्वतःचाच. महाडातल्या संगणकावर टाइप केला तर महाडचा, टोकियोतल्या संगणकावर केला तर टोकियोचा. यंत्राला स्वतःलाच हाक मारायची झाली तर ती या पत्त्यावर मारायची. त्याचं घरगुती नाव लोकलहोस्ट.

आणि तो एकटा नाही. १२७ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे पत्ते याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत, आणि ते भरतात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यामुळे आकड्यावर नुसता विश्वास ठेवायची सवय नाही. २५६ चा घन कागदावर मांडून पाहिला, बरोबर आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते सगळ्या जगाला मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. तेव्हापासून एकेका पत्त्यामागे कितीतरी घरं दाटीवाटीने नांदतात, आणि स्वतःशी बोलायला मात्र दीड कोटीच्या वर जागा मोकळ्या पडून आहेत. एकत्र कुटुंबात दिवस काढलेल्या बाईला ही चैन किती मोठी वाटते ते सांगून कळायचं नाही. मला त्यासाठी इतकी वर्षं दळणाच्या रांगेपर्यंत जावं लागत होतं.

घरच्या संगणकावर सर्व्हर बसवते आहे, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात काळजी पसरली. कारण सर्व्हर हा प्राणी इथे कुणाला अनोळखी नाही. दाखल्याला जा, पैसे काढायला जा, रेशनवर अंगठा लावायला जा. तो कायम दुसऱ्या गावी असतो आणि कायम डाउन असतो. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे आता आपल्या घरातही सर्व्हर डाउन होणार?” ह्यांनी पेपर खाली न करता विचारलं, “बिल किती येईल?”

प्रत्यक्षात सर्व्हरला खोलीभर थंडगार कपाटं लागतात असं मुळीच नाही. मुलाने लॅपटॉप घेतल्यावर मागे टाकलेला संगणक पुरतो. त्यात एक प्रोग्रॅम बसवायचा, आणि त्याचं काम एकच: दारात बसून राहायचं. कुणी येऊन अमुक पान द्या म्हटलं की फोल्डरमधून ते काढून द्यायचं, नसेल तर नाही म्हणायचं, आणि कोण कधी आलं, काय घेऊन गेलं याची वहीत एका ओळीत नोंद करायची. अपाची नावाचा असा प्रोग्रॅम १९९५ पासून फुकट मिळतो. आणखी दोन-तीन जोडीदारांसकट त्याला एकत्र बांधून ‘झॅम्प’ या नावाने देतात, आणि ते बसवायला कुठलीही पदवी लागत नाही. नेट लागतं ते एकदाच, उतरवून घेताना.

तर उतरवलं, बसवलं, ‘स्टार्ट’ दाबलं, आणि हिरवं दिसायच्या जागी लाल अक्षरं आली. ८० नंबरचं दार अडलेलं होतं. संगणकाला अशी क्रमांकाची दारं ६५,५३५, पण वेबपान मागायला येणारा रीतीप्रमाणे ८० नंबरशीच येतो, आणि तिथे मुलाने कधीकाळी टाकलेला व्हिडिओवर बोलायचा एक प्रोग्रॅम पाय पसरून बसला होता. बाकीची सगळी आळी रिकामी असताना ह्याला हेच दार का लागावं, ते तोच जाणे. त्याला उठवायच्या भानगडीत मी पडले नाही. अपाचीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ८० चं ८०८० केलं, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग ८०८०. पान आलं. ते अपाचीचं होतं, माझं नव्हतं. पण दार उघडलं होतं.

माझं पान कशाचं करायचं हे आधीच ठरलेलं होतं. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी या दोघी नद्या मिळून गावात शिरल्या. त्या दिवशी तळीये गावावर जो डोंगर आला त्यापुढे आमच्या तळमजल्यातला चिखल ही सांगण्यासारखी गोष्ट नाही, आणि आम्ही ती फारशी सांगतही नाही. पण कपाटाच्या खालच्या खणातल्या वह्या गेल्या त्या गेल्याच. वाचलेल्या ऐवजात दोन गोष्टी होत्या: सासूबाईंची पदार्थांची वही आणि माझ्या सासऱ्यांनी करून ठेवलेल्या पुराच्या नोंदी. सासरे पंचांगाच्या कोऱ्या पानांवर पुराची उंची लिहीत, आणि ती फुटांत नव्हे, पायऱ्यांत. “पाणी चौथी पायरी. रात्री दोनला उतरलं. मांजर माळ्यावर सुखरूप.” महाडात सावित्रीची धोक्याची पातळी ६.५० मीटर, हे सरकारी माप आम्हा सगळ्यांना पाठ असतं, पण घरात अजूनही पायरीच चालते. त्या मापात दोष एकच, २०२१ ला पायऱ्या संपल्या.

वह्या पंख्याखाली वाळवल्या आणि पानापानाचे फोनने फोटो काढले. मग ते फोटो लग्नपत्रिकांच्या आणि ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांच्या ढिगाखाली असे गाडले गेले की वही बुडाली काय आणि फोटो बुडाले काय, एकूण एकच. सगळं एका जागी, एका पत्त्यावर असावं, घरातल्या कुणालाही उघडता यावं, आणि त्यासाठी नेट लागू नये, एवढीच माझी मागणी होती. शेवटची अट इथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ येऊन गेल्यावर लाइट आणि फोन किती दिवस बेपत्ता होते ते रायगड जिल्ह्यात कुणालाही विचारावं. २०२१ च्या पुरात पुन्हा तेच. अशा वेळी इन्व्हर्टरवर तासभर चालणारा, राउटरच्या पलीकडे कुठेही न जाणारा सर्व्हर ही भरवशाची गोष्ट. त्याची हद्द आमच्या उंबरठ्यापर्यंतच, हे कबूल. बाहेरच्या नेटशिवाय यंत्रांनी आपापसांत बोलायचं ही कल्पना काही माझी नव्हे. आमच्याच जिल्ह्यात खैरात धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत २००७ मध्ये पोरांना हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले होते, त्यांच्या रचनेतच ही सोय होती. डोंगरातल्या वाडीला जे सुचवावं लागत नाही ते शहराला वादळानंतर सुचतं.

पहिलं पान बिरड्याचं. सासूबाईंच्या वहीत जसं होतं तसं मी नोटपॅडमध्ये उतरवलं: कडवे वाल रात्री भिजत घालावेत, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवावेत. मोड आले की कोमट पाण्यात टाकावेत, म्हणजे साल सुटते. अंगठ्याने दाबलं की डाळिंबी टुणकन उडते, ती पातेल्यातच पडेल असं बघावं. फाइल जतन केली, ब्राउझरमध्ये उघडली आणि पडद्यावर जे आलं त्याला बिरडं म्हणायला कुणी धजावलं नसतं. एकेका अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी काडी घेतलेला रोमन ‘ए’, त्याच्यापुढे कधी चारी कोपऱ्यांना पाय फुटलेला एक गोळा, कधी चक्क जपानी येनचं चिन्ह, आणि पुढे आणखी काही किडूकमिडूक.

बारकाईने पाहिलं तर त्या गोंधळालाही शिस्त होती. आजच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच, म्हणून तो काडीवाला ‘ए’ दर ठिकाणी हजर. दुसरा बाइट बहुतेक ठिकाणी दोनच प्रकारचा: स्वर, व्यंजन, काना, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार असेल तर गोळा, दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा किंवा पाय मोडलेलं अक्षर आलं की येन. मी तासभर त्या हिशेबातच रमले. ‘बिरडं’ या शब्दाला एकही येन पडत नाही, ‘चुलीवर’ला दोन पडतात. बिचाऱ्या ब्राउझरला हे पान कुठल्या पद्धतीने वाचायचं ते सांगितलेलं नव्हतं, म्हणून तो युरोपी अंदाजाने वाचत सुटला होता. पानाच्या डोक्यावर यूटीएफ-८ असं सांगणारी एक ओळ घातली आणि सगळे येन नाहीसे होऊन डाळिंब्या जिथल्या तिथे आल्या. सासूबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, “आधीचं जास्त महाग दिसत होतं.”

सर्व्हरला खरा धोका व्हायरसचा नसतो, काटकसरीचा असतो. सासूबाईंना कुठलाही दिवा उगाच जळताना बघवत नाही. जाता-येता भिंतीवरच्या बटणांवरून त्यांचा हात फिरतो आणि घरातली यंत्रं एकेक करून विझतात. वेबच्या जन्माच्या वेळीही हीच अडचण आलेली दिसते. १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर चालू केला तो आपल्या कामाच्या नेक्स्ट संगणकावरच, आणि त्या संगणकावर लाल शाईने हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवली, की हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये. ती चिठ्ठी आजही जपून ठेवलेली आहे. म्हणजे विश्वाच्या उत्पत्तीचा शोध घेणाऱ्या त्या मंडळींतही बटणांवरून हात फिरवणारं कुणीतरी असणार. मीही चिठ्ठी लावली. सासूबाईंनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली आणि विचारलं, “रात्री झोपताना तरी?” तडजोड झाली. आमचा सर्व्हर रात्री दहाला झोपतो आणि सकाळी चहाबरोबर उठतो. मोठमोठ्या कंपन्या आपला सर्व्हर वर्षातून काही तासांच्या वर बंद नसतो म्हणून मिरवतात. रात्री अडीचला त्यांच्याकडे नेमकं कोण येतं, हे एकदा विचारायला हवं.

संगणकापुढे बसूनच वाचायचं तर वही काय वाईट होती? ते फोनवर दिसायला हवं होतं. घरातला राउटर प्रत्येक यंत्राला १९२.१६८ ने सुरू होणारा एकेक आतला पत्ता देतो. हे पत्ते घरगुती वापरासाठी मोकळे सोडलेले आहेत, त्यामुळे आमच्याकडचा पत्ता शेजाऱ्यांकडेही असू शकतो आणि तरी भांडण होत नाही, हे एक नवल. फायरवॉलला घरची माणसं आहेत, येऊ दे म्हणून सांगितलं, आणि सासूबाईंच्या फोनवर १९२.१६८.१.५, मग तीच दोन टिंबं आणि ८०८०, असा पत्ता उघडून दिला. त्यांनी स्वतःच्याच हस्ताक्षराचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या तेलाच्या डागावर बोट ठेवून तो कुणाच्या बारशाचा ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी लाइट गेली, आली, आणि त्या पत्त्यावर टीव्ही राहायला आलेला. लाइट आल्यावर जो आधी जागा होईल त्याला आधीचा नंबर, असा आमच्या राउटरचा खाक्या. “काल इथंच होतं की गं!” सासूबाई फोन हलवून बघत होत्या. शेवटी राउटरच्या आत शिरून तो पत्ता संगणकाच्या नावावर कायमचा चढवला. सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढवायला जो वेळ लागतो त्यापुढे हा काहीच नाही.

आता सर्व्हरच्या त्या नोंदवहीबद्दल. ती कुणाची भीड ठेवत नाही. कुठला फोन, किती वाजता, कुठलं पान, सगळं एका ओळीत. मला वाटलं होतं जास्त मागणी बिरड्याला असेल. निघाली पुराच्या पायऱ्यांना, आणि मागणारा फोन ह्यांचा. बिलाची चौकशी करणारा हा माणूस दुपारी अडीचला, घर आडवं झालेलं असताना, आपल्या वडिलांची पानं उघडत होता. त्यातही २००५ चं पान पुन्हा पुन्हा. मी ते उघडून पाहिलं. पायऱ्यांच्या हिशेबाखाली सासऱ्यांनी लिहिलं होतं, “चिरंजीव ऐकत नाहीत. वर चला म्हटलं तर खाली रेडिओ शोधत बसतात.” मी ह्यांना काही बोलले नाही. त्या पानाची अक्षरं तेवढी चष्म्याशिवाय वाचता येतील इतकी मोठी केली. त्या दिवसापासून बिलाचा विषय निघालेला नाही.

नोंदवहीतल्या प्रत्येक ओळीच्या शेवटाकडे एक तीन आकडी निकाल असतो. २०० म्हणजे पान दिलं. ४०४ म्हणजे असं पान इथे नाही. हे माणसाला समजण्यासारखं आहे. ४०३ चं तसं नाही. पान आहे, इथेच आहे, पण तुम्हाला मिळणार नाही, असा त्याचा अर्थ. फोल्डरच्या परवानग्या लावताना तो पडद्यावर आला तेव्हा मात्र मला गंमत वाटली नाही. चवदार तळं आमच्या रोजच्या वाटेवर आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा सभासद बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर झाला, आणि महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तसा ठराव करून तळं खुलं केलं. कागदावर २००. तळ्यावर ४०३ च. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसं चालत तळ्याशी गेली, पाणी प्यायली, त्यानंतर माणसांनी मार खाल्ला, आणि कोर्टातला वाद मिटायला १७ मार्च १९३७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. अपाचीमध्ये ‘सर्वांना मुभा’ अशा अर्थाची तीन शब्दांची एक ओळ लिहिली की दार उघडतं. इतक्या सोप्या ओळीचा महाडात बसून जरा संशयच येतो.

एव्हाना बातमी पोलादपूरला पोचली होती. माझा दादा तिथे झेरॉक्सचं दुकान चालवतो, त्यामुळे संगणकाच्या बाबतीत घराण्यात त्याचा शब्द अखेरचा. त्याचा फोन आला, “बाय, तुझी वेबसाइट मला का दिसत नाही?” पत्ता काय टाकलास, म्हणून विचारलं. त्याने महाडच्या कुणा भाचीकडून ऐकलेला पत्ता जसाच्या तसा टाकला होता, लोकलहोस्ट, आणि अर्थातच तो स्वतःच्याच दुकानात येऊन पोचला होता. तिथे कुणी नव्हतं.

त्याला समजावताना माझ्या शिकवण्याचा कस लागला. बाहेरून कुणाला आमच्या सर्व्हरपर्यंत यायचं तर आमच्या राउटरला जगजाहीर पत्ता हवा. पण मघाशी सांगितलेली टंचाई आड येते. नेट पुरवणारे एका जगजाहीर पत्त्यामागे पुष्कळ घरं बसवतात. आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, बाहेरचा आला तर तो नक्की कुणाकडे आला हे कुणालाच कळत नाही. याला वळसे घालायच्या युक्त्या आहेत, पण मग दारात एकटा दादा येत नाही, सगळं जग येतं, आणि त्यातली बरीचशी यंत्रंच असतात, रात्रंदिवस कड्या हलवून बघणारी. पुराच्या पायऱ्या आणि बिरडं राखायला एवढा पहारा कोण ठेवणार? दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे अमेरिकेतला सिनेमा मला दिसतो, महाडातलं बिरडं दिसत नाही.” यावर उत्तर नव्हतं.

महाड-पोलादपूर अठरा-वीस किलोमीटर. सावित्री महाबळेश्वरहून उतरते ती आधी पोलादपूरला आणि मग आमच्याकडे. त्यामुळे पावसाळ्यात पोलादपूरहून महाडला काही पाठवावं लागत नाही, तिकडचं सगळं आपसूक येतं. उलट दिशेने मात्र एसटी. मी अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं आणि दादाच्या दुकानात काम करणारा मुलगा रोज महाडहून जातो, त्याच्याकडे दिलं. वेबसाइट एसटीने गेली.

यात हसण्यासारखं काही नाही, हिशेब करून बघा. १६ जीबीचा पेन ड्राइव्ह पाऊण तासात पोचला तर वेग पडतो सेकंदाला ४७ मेगाबिट. आषाढात आमच्या गल्लीत याच्या निम्मा वेग मिळाला तरी मी पेढे वाटीन. कमतरता एवढीच, की काही विचारलं तर उत्तर परतीच्या गाडीने येतं. तेही चालवून घेण्यासारखं. १ एप्रिल १९९० ला संगणकवाल्यांनी कबुतरांच्या पायाला माहितीचे तुकडे बांधून पाठवायची सविस्तर नियमावली प्रसिद्ध केली होती, तारीख लक्षात घ्यावी. आणि २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनच्या काही हौशी मंडळींनी ती खरोखर करून पाहिली. नऊ तुकडे पाठवले, चारांची उत्तरं आली. एसटीचं आजवरचं एकही उत्तर हरवलेलं नाही. उशिरा आलं असेल.

दादाने त्याच्या दुकानातल्या संगणकावर झॅम्प बसवलं, फोल्डर ओतलं, आणि आता पोलादपूरलाही लोकलहोस्ट झाला. इथून पुढे खरी गंमत. दादाचा पहिला आक्षेप, अर्ध्या पानांवर मी ‘काम चालू आहे’ असं लिहिलं आहे, ते लोकांना दाखवायला बरं दिसत नाही. मी त्याला त्याच्याच गावातल्या समाधीची आठवण दिली. शिवभारत लिहिणारे कवींद्र परमानंद पोलादपुरातच विसावले आहेत, आणि त्यांचं काव्य एकतीस अध्याय होऊन बत्तिसाव्याच्या तोंडाशी थांबलेलं आहे. त्यांना कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नाही. दादा गप्प बसला, पण हात गप्प बसले नाहीत. पेन ड्राइव्ह परत आला तेव्हा त्यात आंबेनळी घाटातले फोटो होते, आमच्या आईच्या आंबोळ्या होत्या, माहेरची वंशावळ होती (एका चुलत्याला वगळून, त्या चुलत्याचं आणि दादाचं बांधावरून चालू आहे), आणि बिरड्याच्या पानात दुरुस्ती होती.

दोन फाइली शेजारी-शेजारी ठेवून फरक दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो. काढलेली ओळ लाल, घातलेली ओळ हिरवी. सासूबाईंची ओळ ‘उतरवताना सुपारीएवढा गूळ घालावा’ ही लाल झाली होती. त्या जागी हिरव्यात: ‘गूळ मुळीच घालू नये.’ शेवटी माहेरची सही असल्यासारखं उद्गारचिन्ह.

दोन ठिकाणच्या प्रती वेगळ्या झाल्या तर खरी कोणती, यावर संगणकशास्त्रात पुष्कळ विचार झाला आहे. सगळ्यांत सोपा नियम असा, की ज्याने शेवटी लिहिलं त्याचं खरं. या नियमाने बिरड्यात गूळ पडणार की नाही हे एसटीच्या वेळापत्रकावर ठरलं असतं, आणि ज्याची गाडी उशिराची त्याचा विजय. सासूबाईंना मी हे सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, “शेवटी कुणी लिहिलं ते कशाला? आधी कुणी केलं ते विचार.” हा नियम पुस्तकात नाही. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही ठेवायचं. मी दोन पानं केली, एक महाडचं, एक पोलादपूरचं, आणि यादी वर्णमालेप्रमाणे लावली. प आधी, म नंतर. सासूबाईंनी यादी वरून खाली एकदा वाचली आणि वर्णमाला कुणी ठरवली असं विचारलं. तेव्हापासून बिरड्याची यादी म पासून उलटी लागते. बाकी पदार्थांची सरळ. दादाच्या प्रतीत अर्थात ती सगळीच सरळ आहे.

असा पेन ड्राइव्ह महाड-पोलादपूर करत राहिला. मधल्या काळात ह्यांनी सासऱ्यांच्या नोंदींखाली एक नवी ओळ घालायला सांगितली, २०२१ ची, पायऱ्यांऐवजी जिन्याच्या वरच्या पट्टीपासून मोजून. वंशावळीतला चुलता मी महाडहून आत घालते आणि पोलादपूरला तो बाहेर पडतो, हेही चालू आहे. आणि मग एका खेपेला पेन ड्राइव्ह एकटा आला नाही. दुकानातल्या मुलाच्या हातात स्टीलचा डबा होता, त्यावर रबर लावून वहिनीची चिठ्ठी: पोलादपूरचं पान, करून पाहिलेलं.

सासूबाईंनी डबा उघडला, वास घेतला, वाटीत काढून घेतलं. तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडून एक घास खाल्ला. मग दुसरा. मी यादीतला क्रम बदलावा लागणार या तयारीने उभी होते.

“चांगलं झालंय,” त्या म्हणाल्या. तिसरा घास घेतला. “गूळ घातलाय तिने. लिहीत नाहीत, एवढंच.”